पाचव्या शीलाची हाजरी

बालाघाटात माणूस नोकरीला लागला की पेढे वाटतात आणि मेला की त्याच्या घरी बसायला येतात. स्वतःहून नोकरी सोडली तर काय करायचं, याचा रिवाज कोणी पाडूनच ठेवला नव्हता. म्हणून मी मँगनीजच्या खदानीतली नोकरी सोडली तेव्हा लोकांनी त्यातल्या त्यात जवळचा रिवाज धरला. ते बसायला आले.

पहिली आली शेजारची शांताबाई. डोक्यावर पदर, हातात वरणभाताचा डबा, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माझ्याकडे न पाहता ती माझ्या बायकोजवळ, अनुसयेजवळ, टेकली आणि हळूच म्हणाली, "कसं झालं वं बाई? एकाएकी?"

"सकाळपर्यंत चांगले होते," अनुसया म्हणाली. "चहा पेला, सायकल काहाडली, खदानीत गेले, अन् सोडूनच आले."

"जाताना काई बोलले?"

"काई नाही. डबाबी नेला नाही."

दोघींनी पदर डोळ्यांना लावला. मी समोरच्या खाटेवर जिवंत बसलो होतो. माणूस मेल्यावर लोक त्याच्याबद्दल निदान चांगलं बोलतात. मला तेवढीही सवलत मिळाली नाही.

मग चैतराम आला. हा आमच्या गल्लीतला पेन्शनर पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटल्यामुळे दुसऱ्यांच्या घरचं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज. त्याने माझी नाडी पाहिली. "बाबू, ऐक. डाक्टरचा कागद आन. डोस्क्यावर ऊन चढलं होतं म्हून लिहून घे. पागल मानसाले साहेब परत घेते. शान्याले घेत नाही."

मी म्हणालो, "चैतरामजी, मी शहाणपणानं सोडली."

"तेच तं म्हनतो," तो म्हणाला. "हे कोनाजवळ बोलू नको."

आता ती नोकरी काय होती ते सांगतो. मी खदानीचा हाजरीबाबू. सकाळी भोंगा वाजला की फाटकावर खुर्ची टाकून बसायचं आणि भोंग्यानंतर येणाऱ्या बाईची अर्धी हाजरी लाल पेन्सिलीने कापायची. तिच्या काखेत लेकरू असो, पाय ठेचाळलेला असो, पेन्सिल सारखीच चालायची. पगार चांगला होता. चांगलाच असणार. असल्या कामाला अक्कल लागत नाही, हिंमत लागत नाही, फक्त समोरच्याच्या तोंडाकडे न पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय महाग पडते म्हणून कंपनी तिचे पैसे देते.

बरं, सोडून करणार काय होतो? तर धम्माचं काम. आम्हाला दीक्षा घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. घरातले देव नदीत सोडले होते. आमच्या लग्नांना पूर्वी जोशी यायचा तो मांडवाच्या बाहेर उभा राहायचा आणि आमचा वारा लागू नये अशा बेताने अक्षता फेकायचा. त्याला हाकलला, हे फार चांगलं केलं. पण जुना गेला आणि नवा कोणी नाही, अशी गत झाली. गावोगाव लग्नं खोळंबली. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो आणि पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवरून. नागपूरहून विधीचं एक पातळ पुस्तक आणलं, पाठ केलं आणि आमच्या वॉर्डातल्या बैठकीत उभा राहून सांगितलं, "मी नोकरीला लात मारतो आणि गावोगाव लग्नं लावतो!" टाळ्या पडल्या. दक्षिणा नाही, ज्याच्या घरी लग्न त्याने पायलीभर तांदूळ द्यावा, असंही ठरलं. टाळ्यांच्या भरात माणूस काय काय ठरवतो!

लात मारायला गेलो तेव्हा कळलं की त्यालाही परवानगी लागते. ऑफिसात बाबूलाल म्हणून हेडक्लार्क होता. माझा कागद पाहून तो दुःखी झाला. रजिस्टर उघडून म्हणाला, "देखिए, नाम काटने के तीन ही खाने हैं. मृत्यु, बरखास्त, फरार. खुद छोड़ने का खाना नहीं है."

"चौथा खाना आखा."

"भाई साहब, कलकत्ते से छपकर आता है. मैं कैसे बनाऊँ? अच्छा बताइए, मरे तो नहीं?"

"नाही."

"चोरी-वोरी की?"

"नाही."

"तो फिर फरार ही बचता है," तो म्हणाला आणि सुंदर वळणदार अक्षरात त्याने मला फरार केलं. मग फरार माणसाला समोर बसवून बिडी पाजली.

त्या सुंदर अक्षराचं फळ आठवडाभरात दारात आलं. कंपनीने नेहमीप्रमाणे फरारांची नावं ठाण्यात कळवली होती. शिपाई आला, तेही शांताबाई, चैतराम आणि गल्लीतली सगळी पोरं मागे घेऊन. अनुसयेला विचारतो, "वो जो फरार है, घर पर है क्या?"

"हायेत नं," अनुसया म्हणाली. "आंघोळ करून राह्यले."

"तो कहना, नहाकर थाने आ जाएँ."

मी न्हाऊन, धुतलेला सदरा घालून ठाण्यात हजर झालो. फरार माणूस आपल्या पायांनी आला तर काय लिहायचं, हे ठाण्यातही कोणाला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत बसवून त्यांनी मला सोडलं. पण गल्लीला जे हवं होतं ते मिळालं होतं. चैतराम प्रत्येकाला सांगत होता, "मी म्हनलो नव्हतो? चांगली नोकरी कोनी उगाच सोडते काय?"

ही बातमी हट्टा गावी माझ्या सासऱ्यांपर्यंत, डोमाजींपर्यंत, गेली आणि ते पुढच्याच बसने आले. खाली बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "जवई, मी पोरगी हाजरीबाबूले देल्ली होती. भटाले नाही."

"मी भट नाही, मामाजी. भटाला हाकलूनच तर..."

"लग्न लावते, तांदूळ घेते. मंग भट नाही तं काय?"

याला उत्तर असतं, पण ते सासऱ्याच्या तोंडावर देण्याजोगं नसतं. साहेबाने अजून माझ्या जागी माणूस ठेवला नव्हता, ही बातमी डोमाजींनी साहेबाच्या ड्रायव्हरकडून आणली होती. शेवटी निवाडा अनुसयेने केला. "एक लग्न लावून पाहा. त्या लग्नातून कोनी दुसऱ्या लग्नाले बोलावलं, तं मी आयुष्यात तोंड उघडनार नाही. नाही बोलावलं, तं जाऊन साहेबाचे पाय धरायचे. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो. मला खात्रीच होती. लोक रांग लावतील असं वाटत होतं. आणि रांग लागलीही.

पहिलं लग्न हट्ट्यापलीकडच्या एका खेड्यात. महागूची पोरगी सीता. नवरदेव वसंता, वरात रामपायलीकडून बैलगाड्यांतून आलेली. मी मांडवात पाय ठेवला मात्र, चार-पाच बाया झटकन उठल्या आणि एकीमागे एक ओळीत उभ्या राहिल्या. त्या खदानीत काम करायच्या. मला पाहून पाय आपोआप हलले होते. मग त्यांच्याच ध्यानात आलं आणि त्या हसल्या. मी नाही हसलो. लग्न लावायला आलेल्या माणसाला पाहून बायकांनी हाजरीच्या ओळीत उभं राहावं, यापरीस त्यांनी मला एखादा धोंडा मारला असता तर मी उजळ तोंडाने सोसला असता.

अशा वेळी समजदार माणूस गप्प राहतो. मी आवाज चढवला. नवरीच्या अंगाला हळद दिसली तेव्हा मी तिच्या आजीला, रुख्माबाईला, विचारलं, "हळद कशाला लावली? हे जुनं आहे. बंद केलं ना आपण?"

"बाबू, हळद हिंदू हाये का बौद्ध?" म्हातारीने विचारलं.

"प्रश्न तो नाही."

"मंग कोनता हाये? माह्या वावरातली हाये. मीच खंदली, मीच कुटली. तिनं काई कोनाचा धरम घेतला नाही."

मांडव हसला. माझा चेहरा त्या हळदीसारखा झाला असेल. आता या लोकांना शिस्त दाखवायचीच, असं मी मनाशी ठरवलं, आणि इथेच माझ्यातला हाजरीबाबू, ज्याला मी लात मारून आलो होतो, खुर्ची टाकून बसला.

पंचशील सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. पुस्तकात तसंच आहे. पण मिळून म्हणताना कोण मनापासून म्हणतो आणि कोण नुसते ओठ हलवतो, हे कळत नाही. फाटकावर बारा वर्षं बसलेल्या माणसाला हे खपेना. मी म्हणालो, "एकेक जण पुढे या. नाव घेतो. पाचही शीलं मोठ्यांदा म्हणायची."

वसंताने म्हटली. सीतेने म्हटली. महागूने अडखळत म्हटली. मग मी नाव घेतलं, "दुलीचंद!"

दुलीचंद म्हणजे नवरदेवाचा बाप. धिप्पाड माणूस. मोहाच्या दारूचा वास त्याच्या आधी चार पावलं पुढे यायचा, पण पाय जमिनीवर पक्के. त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात पहिलं म्हटलं, हत्या न करण्याचं. दुसरं, चोरी न करण्याचं. तिसरं म्हटलं. चौथं म्हटलं, खोटं न बोलण्याचं. पाचव्याशी, म्हणजे दारू न पिण्याच्या शीलाशी, थांबला.

"म्हणा," मी म्हणालो.

"नाही म्हनत."

"काहून?"

"बाबू, चौथ्यात तुमी मले काय म्हनवलं? खोटं बोलनार नाही. म्हनलो नं मी? खऱ्या मनानं म्हनलो. आता पाचवं म्हनलो तं चौथं मोडते."

"बरोबर हाये!" मागून कोणी ओरडलं.

"मग दारू सोडा," मी म्हणालो.

"सुटली असती तं हे समदं बोललो असतो काय?"

खरं सांगायचं तर असं चोख बोलणं मी त्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. पण मी तिथे मान डोलवायला नव्हतो गेलो. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "मग लग्न पुढे जाणार नाही."

बाजा थांबला. वऱ्हाडी एकेक उठून दुलीचंदच्या मागे उभे राहू लागले, कारण त्यांच्यातलं कोणीच खोटं बोलायला तयार नव्हतं. माझ्या बाजूला मी आणि एक आंधळा म्हातारा उरलो. तोही बहुधा चुकून. कोणीतरी गाड्यांना बैल जुंपायला गेला. महागू माझ्याजवळ आला, हात जोडलेले. "बाबू, पोरीच्या अंगाले हळद लागली हाये. वरात वापस गेली तं तिले कोन करीन? सोडून द्या नं एक शील."

"शील म्हणजे काय बैलाची घागरमाळ आहे का, वाटेल तेव्हा सोडून ठेवायला?" हे वाक्य मी बोललो. आजही आठवलं की जेवता जेवता ताट बाजूला सारतो. बाप हात जोडून उभा होता आणि मी उपमा देत होतो.

तेव्हा खदानीतल्या त्या बायांपैकी मैनाबाई उभी राहिली. "बाबू, तुमी कवाच पेले नाही काय?"

"नाही."

"दिवाळीले साहेबाच्या बंगल्यावर बाटल्या कोन खोलत होतं मंग? माहा भाऊ तिथं माळी हाये."

"उघडत होतो. पीत नव्हतो."

"एकबी घोट नाही?"

मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या आधी पाची शीलं म्हटलेला मीच होतो. "एक घोट," मी म्हणालो.

हसण्याचा जो लोंढा उठला त्यात मी बुडून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण लोक हसले तरी बैल जुंपलेच जात होते. महागू तसाच उभा होता. आणि मी, गावोगाव माणसं जागी करायला निघालेला मी, मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडून पानं चाळत होतो.

बोलली ती सीता. नवरीने तोंड उघडू नये म्हणून रुख्माबाई तिचा पदर ओढत होती, तरी बोलली. "मामाजी, आज पाचवं नोका घेऊ तुमी. मी येऊनच राह्यली तुमच्या घरी. रोज सांजच्याले इचारत जाईन, आज घेता का म्हून."

दुलीचंद तिच्याकडे पाहत राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "हिच्यापेक्षा बाबू बरा होता रे!"

बैल सुटले, बाजा वाजला. मग लोकांनी मला विचारलंच नाही. सगळे मिळून उभे राहिले आणि सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं, कोण मनापासून आणि कोण ओठ हलवत, कोणास ठाऊक. पाचव्याशी दुलीचंद तेवढा तोंड मिटून सभ्यपणे उभा राहिला. मी पुस्तक हातात धरून होतो, मांडवाच्या खांबाला जेवढं काम असतं तेवढंच मला. निघताना महागूने तांदूळ बांधून दिले आणि माझी समजूत घालावी तसं म्हणाला, "पुढच्या खेपेले जरा तब्येतीनं, बाबू." पुढची खेप कोणाकडे, ते तो बोलला नाही.

दोन दिवस वाटेतल्या गावांत काढून घरी आलो, तर अनुसया आणि डोमाजी दारातच. "कोनी बोलावलं काय?" अनुसयेने विचारलं.

"कळवतो म्हणाले."

"कळवतो म्हनजे नाही," डोमाजी म्हणाले आणि कोपऱ्यातली आपली छत्री त्यांनी माझ्या हातात दिली. वैशाखाचं ऊन होतं आणि जवयाने साहेबाचे पाय धरायला जाताना घामाघूम होऊ नये, एवढी माया त्यांच्यात होती. छत्रीच्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने त्यांचं नाव शिवलेलं होतं, चोरीला जाऊ नये म्हणून.

खदानीत पोहोचलो. फाटकावरच्या माझ्या खुर्चीत चौकीदार झोपला होता. साहेबाच्या खोलीत गेलो, छत्री काखेत मारली आणि हात जोडले. वाटेत जे घोकलं होतं ते म्हणालो. चैतरामचं होतं ते. "साहब, सिर पर धूप चढ़ गई थी."

साहेब वाईट माणूस नव्हता. रजिस्टर मागवून पाहिलं. "इसमें तो आप फरार हैं."

"जी."

"लोग कहते हैं, आपने नौकरी को लात मारी."

"नहीं साहब. पाँव फिसल गया था."

हे वाक्य मी बोललो. त्या मांडवात गर्जना करणारा मी. साहेबाने हसून बाबूलालला हाक मारायला घंटीवर हात ठेवला, तेवढ्यात दार उघडलं आणि चौकीदाराला बाजूला सारून दुलीचंद आत शिरला. त्याला माझं घर ठाऊक नव्हतं. हाजरीबाबू म्हटल्यावर लोकांनी त्याला खदानीत पाठवलं होतं.

"हाच! हाच तो बाबू!" तो ओरडला, मग साहेबाकडे वळून हिंदीत सुरू झाला. "साब, ये आदमी ने तुम्हारी नोकरी को लात मारी! ऐसा मर्द देखा क्या कभी?"

"देख रहा हूँ," साहेब म्हणाला.

"बाबू, माह्या पुष्पलतेचं लग्न हाये, येत्या पुनवेले. तुमीच पाह्यजे. समदे म्हनत होते दुसरा कोनी पाहू, पन मी म्हनलो, नाही. दुसरा येईन, समद्याइले संगंच म्हनवीन अन् निंगून जाईन. या मानसानं मले नाव घेऊन इचारलं. पोलिसाशिवाय मले आजवर कोनी नाव घेऊन काई इचारलं नोहतं." मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली. ते अजून जोडलेलेच होते. "पन तुमी इथं काहून?"

साहेबाचा हात घंटीवर थांबला. तोही वाट पाहत होता.

"छत्री," मी म्हणालो. "कंपनीची छत्री राहिली होती माझ्याकडे. परत करायला आलो." आणि काखेतली छत्री काढून साहेबाच्या टेबलावर ठेवली.

साहेबाने ती सावकाश फिरवली आणि पांढऱ्या दोऱ्यावर बोट ठेवून वाचलं, "डो... मा... जी. ये डोमाजी कंपनी में कौन हुए?"

मी हात पुढे करून ते नाव खालच्या बाजूला वळवलं. 

"ठीक है," साहेब म्हणाला. "रख दीजिए." आणि त्याने घंटीवरचा हात काढून घेतला.

आम्ही दोघं बाहेर पडलो. ऊन डोक्यावर आदळत होतं. मँगनीजच्या काळ्या धुळीत पाय भाजत होते.  फाटकापासून बरंच पुढे आल्यावर दुलीचंद म्हणाला, "बाबू, ते छत्री कंपनीची नोहोती."

"नव्हती."

"चौथं मोडलं."

"मोडलं."

तो आणखी थोडा चालला. "मीबी सकाळी घेतली जराशी."

"वास येतोय."

"सुनेनं इचारलं होतं काल. मी म्हनलो, उद्या पाहू." त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून घाम पुसला आणि पुन्हा बांधला. "मंग पोरीच्या लग्नात असं करू. चौथ्याले मी तुमच्याकडं पाहत नाही. पाचव्याले तुमी माह्याकडं पाहू नोका."

"हौ," मी म्हणालो.

तो बसकडे वळला आणि मी घराकडे. दारात डोमाजी बसले होते, उघड्या डोक्याने. त्यांना संध्याकाळच्या बसने हट्ट्याला परत जायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत होते.